मर्जीचा कारभार कागदावर आणा

मर्जीतल्याला बढती आणि बाकीच्यांना नारळ, ही तक्रार हिंजवडीपासून खराडीपर्यंत आणि ऐरोलीपासून अंधेरीपर्यंत चहाच्या टपरीवर रोज ऐकू येते. लेखी स्वरूपात मात्र ती क्वचितच कुणाच्या टेबलावर पोहोचते. ज्याला डावललं गेलं तो काही दिवस धुमसतो, घरच्यांजवळ मन मोकळं करतो, बायोडेटा नीट करतो आणि दुसरीकडे निघून जातो. निघून जाण्यात गैर काही नाही, पुष्कळदा तेच शहाणपणाचं असतं. पण जाताना हक्काची रक्कम आणि स्वतःची बाजू तो तिथेच सोडून जातो. कित्येकदा स्वतःच्या कामावरचा विश्वासही गमावून बसतो. हे टाळता येतं, म्हणून हा लेख.

मला सांगायचं आहे ते एवढंच: पक्षपात तोंडी व्यवहारावर जगतो. बढतीचे निकष, कामाचं वाटप, ‘पुढच्या वर्षी तुझा नंबर’ अशी आश्वासनं, ‘तू सध्या थोडा कमी पडतोयस’ असे शेरे यातलं जे लिहिलं जात नाही, तिथे मर्जी चालते. जे लिहिलं जातं, ते बदलताना समोरच्याला विचार करावा लागतो. आणि हे लिहून घेण्याची वेळ बढतीची किंवा कपातीची यादी निघाल्यावरची नाही, त्याच्या कितीतरी आधीची आहे.

निर्णय कुठे होतो

बहुतेक मोठ्या कंपन्यांत तुमचं रेटिंग तुमचा मॅनेजर एकटा ठरवत नाही. तो एक श्रेणी सुचवतो. मग त्याच्यासारखे अनेक मॅनेजर एका खोलीत किंवा कॉलवर बसतात आणि सगळ्यांच्या श्रेणी एकमेकांशी ताडून पाहतात. याला कॅलिब्रेशन किंवा नॉर्मलायझेशन म्हणतात. वरच्या श्रेणीच्या जागा ठरावीक असतात. त्यामुळे कुणाला वर चढवायचं तर दुसऱ्या कुणाला खाली उतरवावं लागतं. त्या बैठकीत तुम्ही नसता. तुमच्या वतीने जो बोलतो त्याला तुमचं काम किती आठवतं, आणि त्याच्या शब्दाला तिथे किती वजन आहे, यावर तुमचं वर्ष ठरतं.

माणसांना अशा तक्त्यात बसवण्याची रीत गाजवली जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी. वरचे २० टक्के, मधले ७० टक्के आणि तळाचे १० टक्के अशी त्यांची विभागणी होती आणि तळाच्यांनी जावं अशी अपेक्षा होती. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची उतरंड २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये बंद केली. नंतर भारतातल्या काही आयटी कंपन्यांनीही बेल कर्व्ह सोडल्याचं जाहीर केलं. पण वाढीसाठीचं बजेट मर्यादित असेल, तर तक्त्याचं नाव बदललं तरी एकाला वर नेताना दुसऱ्याला खाली ओढणं सुरूच राहतं.

कपातीच्या यादीची सुरुवात तर नावांनी होतच नाही. वरून एक आकडा येतो, इतकी माणसं कमी किंवा इतका खर्च कमी. मग गाळणी लागते. कोण बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, आहे, कुणाचा पगार त्या कामाच्या मानाने जास्त आहे, कुणाचं गेल्या दोन वर्षांचं रेटिंग खालचं आहे, कुणाचं कौशल्य आता मागणीत नाही. कागदावर हे निकष वस्तुनिष्ठ दिसतात. मर्जी त्यांच्या आधी काम करून गेलेली असते. टीसीएसचं उदाहरण घ्या. २०२५ च्या जून महिन्यात कंपनीने नियम आणला की वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर भरले पाहिजेत आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. पुढच्याच महिन्यात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर कर्मचारी कमी करण्याचं तिने जाहीर केलं. त्यांत प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या पातळीवरचे लोक होते. असा दिवसांचा नियम सगळ्यांना सारखा लागू असतो. पण ते दिवस भरून देणारं प्रोजेक्ट कुणाला मिळालं आणि कुणाला ‘थांब, बघतो’ असं ऐकावं लागलं, हे माणसं ठरवतात. ही गोष्ट एका कंपनीपुरती नाही. बेंचचे दिवस मोजणाऱ्या कुठल्याही ठिकाणी ती लागू पडते.

रेटिंगपेक्षा कामाच्या वाटपाकडे बघा

बहुतेक लोक मार्च-एप्रिलमध्ये अप्रेजलचं पत्र हाती पडल्यावर पक्षपात शोधू लागतात. तोवर उशीर झालेला असतो. पक्षपात झालेला असतो आदल्या मे-जूनमध्ये, काम वाटताना. एकाला नवं प्रोजेक्ट उभं करायला मिळतं, ग्राहकाशी थेट बोलायला मिळतं, ऑनसाइटची संधी मिळते, वरिष्ठांसमोर सादरीकरण मिळतं. दुसऱ्याकडे जुनी प्रणाली चालू ठेवण्याचं, रात्री-अपरात्री आलेल्या तक्रारी निस्तरण्याचं, नव्या मुलांना शिकवण्याचं काम येतं. दोघंही सारखेच राबतात. वर्षअखेरीला पहिल्याच्या नावावर सांगण्यासारखं काही असतं. दुसऱ्याच्या नावावर काही बंद पडलं नाही एवढंच असतं, आणि जे बंद पडलं नाही त्याची बातमी होत नाही. म्हणून पहिल्याला वरची श्रेणी मिळते, आणि ती कागदावर अगदी न्याय्य दिसते.

या वाटपात जवळीक कशी काम करते, याचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. झोई कलन आणि रिकार्डो पेरेझ-त्रुग्लिया या अर्थशास्त्रज्ञांनी आशियातल्या एका मोठ्या बँकेतल्या नोंदी तपासल्या. पुरुष कर्मचाऱ्यांना पुरुष मॅनेजर मिळाला की त्यांची बढती वेगाने होत होती. स्त्रियांच्या बाबतीत मॅनेजर पुरुष आहे की स्त्री, यामुळे फरक पडत नव्हता. पुढे त्यांनी सिगारेट ओढणाऱ्यांचा वेगळा विचार केला. सिगारेट ओढणाऱ्या मॅनेजरच्या हाताखाली आलेले, स्वतःही सिगारेट ओढणारे पुरुष पुढे सरकत होते. कामगिरीत मात्र त्या प्रमाणात वाढ दिसत नव्हती. बरोबर घालवलेल्या वेळातून ओळख वाढते, ओळखीतून विश्वास, आणि विश्वासातून संधी. मॅनेजर दुष्ट असायची गरज नसते. त्याला आठवतं तेच नाव तो पुढे करतो.

दुसरा अभ्यास रेटिंगबद्दलचा. स्कलेन, माउंट आणि गॉफ यांनी २००० साली हजारो मॅनेजरांना मिळालेली मूल्यांकनं तपासली. रेटिंगमधल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग रेटिंग देणाऱ्याच्या स्वभावाने आणि त्याच्या मोजमापाच्या सवयीने ठरत होता. रेटिंगची व्यवस्थाच एवढी ठिसूळ आहे, हे लक्षात ठेवलं की एका वर्षाच्या वाईट श्रेणीने माणूस स्वतःला कमी लेखत नाही. आणि पुढच्या वर्षी मॅनेजरच्या आठवणीवर विसंबूनही राहत नाही.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच मॅनेजरशी एक बैठक घ्या आणि तीत बढतीपेक्षा कामाबद्दल बोला. ‘पुढच्या पातळीवर जाण्यासाठी कोणत्या प्रकारचं काम केलेलं असावं लागतं, आणि त्यातलं कोणतं मला या सहा महिन्यांत मिळू शकेल?’ असा साधा प्रश्न विचारा. उत्तर मिळालं की त्याच दिवशी चार ओळींची मेल टाका. ‘आज आपण बोललो त्याप्रमाणे अमुक मॉड्यूलची जबाबदारी माझ्याकडे येईल, सप्टेंबरमध्ये आपण आढावा घेऊ. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कृपया सांगा.’ यात आरोप नाही की धमकी नाही. पण सप्टेंबरमध्ये ते मॉड्यूल दुसऱ्याकडे गेलेलं असेल, तर विचारण्याला आधार असतो. उत्तर न येणं हीही नोंदच आहे.

दर महिन्याला अर्धा तास काढून स्वतःच्या कामाची वही लिहा. काय केलं, कुणासाठी केलं, त्यातून वेळ किंवा पैसा किती वाचला, कुणी काय म्हटलं. जुनी प्रणाली सांभाळणाऱ्यांनी तर हे आवर्जून करावं, कारण त्यांच्या कामाचा आवाज होत नाही. गेल्या वर्षी महिन्याला किती तक्रारी येत होत्या आणि आता किती येतात, रात्रीचे कॉल किती कमी झाले, असे आकडे त्यांनीच मांडायला हवेत. अप्रेजलच्या आधी दोन आठवडे यातलं एक पान मॅनेजरला द्या. त्या बंद खोलीत तो तेच पान वाचणार आहे.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. पुरावा जमवायचा म्हणून कंपनीची कागदपत्रं, ग्राहकाची माहिती, कोड असलं काही स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. अन्याय सिद्ध करायला निघालेला माणूस माहिती बाहेर नेल्याच्या कारणावरून बडतर्फ होऊ शकतो, आणि मग त्याची खरी तक्रार कुणी ऐकत नाही. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, अप्रेजलची आणि पगारवाढीची पत्रं हे तुमचे स्वतःचे कागद आहेत. ते वेळच्या वेळी घरी जपून ठेवा. लॅपटॉप बंद झाल्यावर ते मिळवणं अवघड होतं. बाकी गोष्टींची तारीखवार नोंद स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वहीत करा.

आणखी एक. सगळी मदार एका मॅनेजरवर ठेवू नका. त्याच्या वरचा अधिकारी, दुसऱ्या टीमचा प्रमुख, ग्राहकाकडचा माणूस, यांतल्या दोघा-तिघांना तुमचं काम थेट माहीत असलं पाहिजे. याला पुढेपुढे करणं म्हणत नाहीत. हांजी हांजी करणारा माणूस साहेबाला सांभाळतो. तुम्ही तुमचं काम लोकांच्या नजरेसमोर ठेवत असता. मराठी माणसाला हे करताना संकोच वाटतो असं मी पुष्कळ पाहिलं आहे. काम बोलेल, आपण कशाला बोलायचं, ही आपली शिकवण. जिथे निर्णय घेणारा रोज काम बघत होता तिथे ती खरी होती. पाचशे मैलांवर बसलेल्या वरिष्ठासमोर काम आपोआप बोलत नाही.

सगळाच अपेक्षाभंग मात्र पक्षपात नसतो, हे स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावं. प्रोजेक्टच बंद पडलं, त्या पातळीवर जागाच नव्हती, निवडलेल्या सहकाऱ्याचं काम खरोखर सरस होतं, असंही असतं. मला संशय घ्यावासा वाटतो तो काही ठरावीक खुणांवरून. निकष वर्षाच्या मध्येच बदलले आणि बदललेले निकष एकाच व्यक्तीला चपखल बसतात. सलग तीन वर्षं चांगलं असलेलं रेटिंग कपातीच्या तोंडावर, एकही लेखी समज न देता, एकदम घसरतं. ‘हे पद आता राहिलं नाही’ असं सांगून माणसाला काढतात आणि महिन्याभरात त्याच कामाची जाहिरात वेगळ्या नावाने निघते. चांगली संधी दर वेळी एकाच कॉलेजच्या, एकाच गावच्या किंवा एकाच जुन्या कंपनीतून आलेल्या गोटात फिरते. अशा दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर तारखांसह लिहून ठेवा.

पीआयपी आणि राजीनाम्याची खोली

परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजे पीआयपी, काही ठिकाणी खरोखर सुधारणेसाठी देतात. पुष्कळ ठिकाणी ती बाहेर काढण्याची पहिली पायरी असते. दोन्ही शक्यता गृहीत धरून वागा. कामही शोधायला लागा आणि प्लॅनही मन लावून पुरा करा. त्यातली उद्दिष्टं मोजता येण्यासारखी आहेत का ते पाहा. ‘पुढाकार वाढवावा’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘अमुक तारखेपर्यंत अमुक काम, इतक्या चुकांच्या आत’ हे उद्दिष्ट. मोघम असेल तर स्पष्टीकरण मेलने मागा. दर आठवड्याच्या बैठकीचा गोषवारा तुम्हीच लिहून पाठवा. सही करायला सांगितली आणि मजकुरात ‘माझी कामगिरी असमाधानकारक असल्याचं मला मान्य आहे’ असं काही असेल, तर ‘पोच म्हणून सही, मजकूर मान्य नाही, उत्तर वेगळं देत आहे’ असं लिहून सही करा आणि उत्तर खरंच द्या.

आता त्या खोलीबद्दल. अचानक एचआरचं बोलावणं येतं. आत मॅनेजर असतो, एचआरचा कुणीतरी असतो. सांगतात की आजच राजीनामा दिला तर दोन-तीन महिन्यांचा पगार आणि चांगलं एक्स्पीरियन्स लेटर मिळेल, नाही तर टर्मिनेशन होईल आणि पुढे कुठे नोकरी मिळणार नाही. २०१७ मध्ये टेक महिंद्रातला असाच एक फोनवरचा संवाद सर्वदूर ऐकला गेला. त्यात कर्मचाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत राजीनामा द्यायला सांगितलं जात होतं. पुढे आनंद महिंद्रांनी स्वतः जाहीर माफी मागितली. त्या संवादात जो ऐकू आला तो दबाव आजही अनेक बंद दारांआड चालू आहे.

राजीनाम्यावर एवढा भर का असतो, हे समजून घ्या. कंपनीने तुम्हाला कमी केलं तर ती कपात ठरते आणि कपातीला कायद्याच्या अटी लागतात. तुम्ही राजीनामा दिलात तर कागदोपत्री तुम्ही स्वखुशीने गेलात. त्या एका सहीने कपातीची भरपाई जाते आणि ‘मलाच का निवडलं’ हा प्रश्न विचारण्याचा हक्कही दुबळा होतो.

म्हणून त्या खोलीत काहीही झालं तरी त्याच क्षणी सही करू नका. आवाज चढवू नका, रडू आलं तर येऊ द्या, पण शांतपणे एवढंच म्हणा: ‘हा प्रस्ताव मला लेखी द्या. घरी आणि वकिलाशी बोलून मी उत्तर देते.’ किती दिवस मिळतील ते विचारा. बाहेर आल्यावर त्याच दिवशी, स्वतःच्या खासगी मेलवरून एचआरला लिहा: आज इतक्या वाजता, अमुक-अमुक उपस्थित असताना मला राजीनामा देण्यास सांगितलं; मी राजीनामा देऊ इच्छित नाही; मी कामावर येण्यास तयार आहे. दबावाखाली सही केलीच असेल, तरी चोवीस तासांच्या आत तो राजीनामा स्वेच्छेचा नव्हता आणि मी तो मागे घेत आहे, असं लेखी कळवा. पुढे वाद झाला तर तुम्ही ताबडतोब विरोध केला होता की सहा महिन्यांनी आठवण झाली, याला फार महत्त्व येतं.

प्रत्येकाने लढावं असं मी म्हणत नाही. घरी कर्जाचे हप्ते आहेत, मुलांच्या शाळा आहेत, दुसरी नोकरी हाताशी आहे, अशा वेळी देऊ केलेली रक्कम घेऊन बाहेर पडणं पूर्णपणे योग्य ठरू शकतं. पण मग तीही वाटाघाट आहे, भीक नव्हे. ती रक्कम कायद्याने मिळायला हवी त्यापेक्षा जास्त आहे का, हे आधी मोजा.

कायदा कुठवर साथ देतो

कपातीबाबतचे नियम पूर्वी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि ते तिच्यात आले. ज्याची किमान एक वर्ष सलग सेवा झाली आहे अशा कामगाराला कमी करताना एक महिन्याची कारणांसह लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावं लागतं. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे. त्यातून कपात झालेल्याच्या खात्यात पंधरा दिवसांचं वेतन ४५ दिवसांत जमा व्हायचं असतं.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहून मोलाच्या दोन तरतुदी आहेत. त्या वर्गातला जो शेवटी कामाला लागला त्याला आधी कमी करावं, आणि हा क्रम मोडायचा असेल तर कारण लिहून ठेवावं. दुसरी, कपातीनंतर वर्षाच्या आत पुन्हा भरती करायची असेल तर कमी केलेल्यांना आधी संधी द्यावी. मर्जीला आवर घालण्यासाठीच जणू या दोन तरतुदी केल्या आहेत. आपल्याला काढलं आणि आपल्यानंतर आलेला त्याच वर्गातला माणूस ठेवला, तर लेखी कारण विचारा.

याहून थेट तरतूद महाराष्ट्रात १९७१ सालीच झाली. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं ही मालकाची अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. हीच बाब पुढे केंद्राच्या कायद्यातही आली आणि २०२० च्या संहितेतही आहे. म्हणजे पक्षपात ही नुसती मनाला लागलेली गोष्ट नाही, कायद्याने तिला नाव दिलेलं आहे. या राज्य कायद्याखाली तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे, तेव्हा वकिलाकडे लवकर जा. बडतर्फीचा किंवा कपातीचा वाद एकट्या माणसालाही, युनियनशिवाय, कामगार आयुक्तांच्या कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्यापुढे नेता येतो. नव्या संहितेत त्यासाठी दोन वर्षांची मर्यादा आहे.

हे सगळं ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे, आणि इथेच आयटीतले बहुतेक लोक स्वतःहून माघार घेतात. ‘मी तर सीनियर कन्सल्टंट, मी कुठला कामगार?’ कायदा पदनामाकडे पाहत नाही, रोज प्रत्यक्ष काय काम करता ते पाहतो. तांत्रिक आणि कुशल काम करणारा कामगार ठरू शकतो. मुख्यतः व्यवस्थापनाचं किंवा प्रशासनाचं काम करणारा ठरत नाही. देखरेखीचं काम असेल तर नव्या संहितेत दरमहा १८,००० रुपयांची मर्यादा आहे. टीसीएसने २०१५ मध्ये चेन्नईतल्या एका कर्मचाऱ्याला काढलं होतं आणि तो व्यवस्थापकीय वर्गातला होता असं कंपनीचं म्हणणं होतं. २०२२ मध्ये तिथल्या कामगार न्यायालयाने ते अमान्य करून त्याला परत घेण्याचा आणि मागचं वेतन देण्याचा आदेश दिला. सात वर्षं लागली, हेही लक्षात ठेवा. तुमच्या रोजच्या कामाची वही इथेही उपयोगी पडते, कारण तुम्ही माणसं सांभाळत होता की कोड लिहीत होता, हे तीच सांगते.

बढतीच्या बाबतीत कायद्याचा हात तोकडा आहे. खासगी कंपनीत ‘मला बढती द्याच’ असा सर्वसाधारण हक्क नाही. स्त्रियांसाठी मात्र महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतनात भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई आहे. गरोदरपणामुळे किंवा प्रसूतीच्या रजेवर असताना कामावरून काढणं १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बेकायदा ठरवलं होतं; ती मनाई आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली आहे. रजेवरून परतलेल्या बाईला ‘या वर्षी तू फार काळ नव्हतीस’ म्हणून खालची श्रेणी देतात, तेव्हा ती गप्प बसते. तिने गप्प बसू नये. आणि बढतीच्या बदल्यात कुणी शरीरसुखाची अपेक्षा सूचित केली, तर ते २०१३ च्या कायद्याखाली लैंगिक छळाचं प्रकरण आहे. अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या.

पैशाचा हिशेब सोपा आहे, तो स्वतः करा. ग्रॅच्युइटी कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांनंतर मिळते. शेवटचं वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं, आणि सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. वेतन ४०,००० आणि सेवा सात वर्षं आठ महिने असेल, तर सुमारे १,८४,६०० रुपये. ती ३० दिवसांत मिळाली पाहिजे. नव्या वेतन संहितेप्रमाणे शेवटचा पगार नोकरी सुटल्यापासून कामाच्या दोन दिवसांत द्यायचा असतो. ‘फुल अँड फायनल’ला तीन महिने लागतील असं कुणी सांगितलं तर हा नियम दाखवा. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. घरात आजारी आई-वडील असतील तर तोच विमा वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याबद्दल शेवटच्या दिवसाआधीच विमा कंपनीशी बोला.

वकिलाचा खर्च झेपणारा नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. पुण्यात नाईट्ससारखी संघटना आयटी कर्मचाऱ्यांच्या तक्रारी कामगार खात्यापर्यंत नेते. एकट्याच्या मेलपेक्षा दहा जणांचं निवेदन लवकर वाचलं जातं.

अमेरिकेत असलेल्या मराठी वाचकांसाठी दोनच गोष्टी. तिथे वय ४० किंवा त्याहून जास्त असलेल्यांकडून सामूहिक कपातीत दाव्याचे हक्क सोडल्याची सही घ्यायची असेल, तर विचार करायला ४५ दिवस आणि सहीनंतर ती मागे घ्यायला सात दिवस द्यावे लागतात. शिवाय कोणत्या पदांवरची, कोणत्या वयाची माणसं निवडली आणि कोणती ठेवली याचा तक्ताही द्यावा लागतो. तो तक्ता वाचा, पक्षपाताचा नकाशा त्यात उघडा पडतो. दुसरी गोष्ट, एच-वन-बी वर असाल तर नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत असते. म्हणून रकमेच्या आधी शेवटच्या दिवसाच्या तारखेची वाटाघाट करा.

यादी तुमच्याच हातात असेल तर

हे वाचणाऱ्यांत मॅनेजरही असतील, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तुमची टीम तुम्ही निवडलेली नसते, आकडाही तुम्ही ठरवलेला नसतो. पण कुणाला कोणतं काम मिळतं हे तुम्हीच ठरवता. एमिलियो कॅस्टिया आणि स्टीफन बेनर्ड यांनी २०१० मध्ये दाखवलं की, आमच्याकडे फक्त गुणवत्ता पाहिली जाते असं कंपनीने ठासून सांगितलं, तेव्हा सारख्याच कामगिरीच्या पुरुषाला स्त्रीपेक्षा जास्त बोनस देण्याकडे मॅनेजरांचा कल वाढला. आपण निःपक्षपाती आहोत अशी खात्री असलेला माणूस स्वतःला तपासणं सोडतो. म्हणून दर तिमाहीला टीममधली चांगली कामं कुणाकडे गेली याचा तक्ता मांडा. त्यात कुणाचं नाव सारखं आणि कुणाचं मुळीच नाही, हे दोन मिनिटांत दिसेल. कामाच्या वेळेबाहेर ज्याच्याशी तुमची मैत्री आहे, त्याचं रेटिंग ठरवताना दुसऱ्या एखाद्या मॅनेजरला वेगळं मत द्यायला सांगा.

कपातीची यादी करावी लागली तर नावांआधी निकष लिहा आणि ते एचआरला पाठवून ठेवा. मग प्रत्येक नावापुढे, आणि ठेवलेल्या प्रत्येक नावापुढेही, एक ओळीचं कारण लिहा. जे कारण त्या माणसाच्या तोंडावर वाचून दाखवता येणार नाही, ते खोडा आणि त्या नावाचा पुन्हा विचार करा. चांगलं काम करणाऱ्याचं रेटिंग यादीत बसवण्यासाठी खाली आणा असं वरून सांगितलं गेलं, तर तुमचं मूळ रेटिंग आणि त्याची कारणं मेलने कळवा आणि बदल तुमच्या शिफारशीविरुद्ध होत असल्याची नोंद करा. निर्णय बदलेलच असं नाही. पण उद्या तो माणूस समेट अधिकाऱ्यासमोर बसेल, तेव्हा त्याच्या कामाबद्दल खरं लिहिलेला एक तरी कागद कंपनीच्या नोंदीत असेल.